केरातले श्वास

लिफ्टनं श्वास घेतलेला कुणालाच चालत नाही. "दरवाजा बंद होत आहे" म्हणायच्या आधी ती नाकातून सूं करून हवा ओढायला लागली, तर आतली माणसं उतरून जिन्यानं जातील. म्हणून तर ते काम माझ्याकडे येतं. बँकेच्या फोनवर "आपण रांगेत आहात" असं गोड बोलणारी बाई, सरकत्या जिन्यावर "मुलांचा हात धरा" म्हणणारा बाबा, औषधाच्या जाहिरातीच्या शेवटी वाघ मागे लागल्यासारखा सूचना वाचणारा गडी, या सगळ्यांचे श्वास मी कापलेले आहेत. घराच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. भिंतींना फोम, मधे एक माइक, दोन खुर्च्या, एक संगणक, आणि दारावर बायकोनं स्वतःच्या अक्षरात लावलेली पाटी: "आत आवाज चालू आहे, बाहेर बंद ठेवा."

बोलताना माणूस किती श्वास घेतो याची तुम्हाला कल्पना नसेल. ती येऊ नये याचेच मला पैसे मिळतात. एकेक श्वास हातानं कापत बसलो तर जन्म जाईल, म्हणून मी संगणकात एक बटण करून घेतलं आहे. त्याचं नाव झाडू. झाडू दाबला की सगळे श्वास आणि सगळ्या रिकाम्या जागा निघून जातात, शब्दाला शब्द चिकटतो, आणि निघालेला ऐवज 'केर' नावाच्या फाइलीत जाऊन पडतो. केर मी लगेच फेकत नाही. एकदा एका गाद्यांच्या जाहिरातीतला "हो" झाडूबरोबर गेला होता आणि त्या गादीवाल्यानं मला फोनवर जे ऐकवलं त्यात एकही श्वास नव्हता. तेव्हापासून केरातले तुकडे लांबीप्रमाणे लावले जातात, लहान वर, मोठे खाली, म्हणजे चुकून गेलेला शब्द वरच्या वर सापडतो. मूळ ध्वनिमुद्रण मात्र मी ठेवत नाही. झाडलेलं त्याच्यावरच चढवतो. संगणकातली जागा काय आभाळातून पडते?

आता माझ्या सासूबाई. त्या श्वास शिकवतात.

वाचनालयाच्या वरच्या सभागृहात रोज सकाळी त्यांचा योगाचा वर्ग असतो. बाकीचे योगशिक्षक माणसांना वाकवतात, पिळतात, उलटं करतात. सासूबाईंचं म्हणणं असं, की शरीर हे श्वासाच्या मागून येणारं वऱ्हाड आहे. नवरदेव नीट चालला की वऱ्हाड आपोआप येतं. त्यामुळे त्यांच्या वर्गात अर्ध्याहून जास्त वेळ प्राणायाम. त्यांच्या हातात एक लाकडी फूटपट्टी असते. ती मारायला नसते, पोटावर टेकवायला असते. श्वास घेताना फूटपट्टी पुढे सरकली तर ठीक, नाही सरकली तर तुम्ही छातीनं श्वास घेता, आणि छातीनं श्वास घेणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नाही.

बायकोनं मला पहिल्यांदा त्यांच्या घरी नेलं तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. चहाचा कप माझ्या हातात दिला, माझ्या शर्टाच्या बटणांकडे निरखून पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "हे छातीनं घेतात." जसा काही मी दुसऱ्याच्या खिशातून घेत होतो. तेव्हापासून आजवर मी त्यांच्या समोर आलो की त्या एकच शब्द बोलतात: "पोट." मी पोट आत घेतो. त्या कपाळाला हात लावतात, कारण त्यांना ते बाहेर हवं असतं.

तर या सासूबाईंच्या घशात गाठ निघाली. साधी होती, पण काढायला हवी होती, आणि डॉक्टरांनी पुढचा महिनाभर कडक मौन सांगितलं. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, हसायचं नाही. जोरानं श्वाससुद्धा घ्यायचा नाही. साधा, हलका, कुणाला ऐकू येणार नाही असा घ्यायचा. महिन्यानंतर आवाज येईल, पण कसा येईल ते आत्ता सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग माझा वर्ग?"

प्रश्न बरोबर होता. सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या एक मॅडम आहेत, कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरतात. त्यांचा नियम असा, की वर्गाला बारा डोकी तरी दिसली पाहिजेत, नाहीतर ती वेळ रांगेतल्या पुढच्या माणसाची. आणि पुढचा माणूस दारातच उभा होता. सासूबाईंच्या लगेच नंतर दोरीउड्यांचा वर्ग घेणारा एक उत्साही तरुण, सगळे त्याला दोरीवाला म्हणतात. त्याला एका वेळेत मावत नव्हतं. एकदा वेळ गेली की ती परत मिळत नाही, हे किल्लीवाल्या मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे महिनाभर वर्ग बंद राहिला तर सासूबाईंचा वर्ग कायमचा गेला. आणि वर्ग गेला तर सासूबाईंचं काय उरेल, हा विचार बायकोनं माझ्याकडे बघत केला, बोलून दाखवला नाही.

"तू आईचा पूर्ण वर्ग रेकॉर्ड कर," ती म्हणाली. "महिनाभर तो लावू. त्यांना काय, डोळे मिटूनच तर बसायचं असतं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सासूबाई माझ्या स्टुडिओत आल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, पाठ ताठ, फूटपट्टी मांडीवर. "जावईबापू, मधे बोलायचं नाही, खुर्ची करकरवायची नाही, आणि जमलंच तर पोटानं घ्यायचा." मग त्यांनी अख्खा वर्ग एका दमात सांगितला. दीर्घश्वसन, अनुलोम-विलोम, कपालभाती, भ्रामरी, शेवटी शवासन. "माझा श्वास ऐका आणि त्याच्याबरोबर घ्या," असं म्हणायच्या आणि खरंच माइकसमोर तेवढा लांब श्वास घ्यायच्या. शेवटचा भाग मला नीटसा आठवत नाही. दुपारची वेळ होती, जेवण झालं होतं, आणि समोर एक अनुभवी बाई "शरीर सैल सोडा" म्हणत होत्या.

त्याच संध्याकाळी एका उंच इमारतीच्या लिफ्टचे सगळे मजले द्यायचे होते. मी फाइली उघडल्या आणि झाडू फिरवला. झाडू एकदा हातात आला की मी एका खोलीवर थांबत नाही. पहिला मजला, दुसरा मजला, तळघर, सासूबाई, सगळं झाडून लख्ख. सासूबाईंची सुरुवात ऐकून पाहिली. "नमस्कार. मांडी घालून बसा. पाठ ताठ!" खणखणीत! मी स्वतःवर बेहद्द खूश झालो आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी बायको इस्पितळात आईजवळ आणि मी सभागृहात स्पीकर घेऊन. वर्ग भरलेला होता. पुढे निवृत्त टपालवाले, त्यांच्या शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई, मग शिंपीकाका, दोन जुळ्या आज्या, आणखी बरेच. सासूबाईंच्या वर्गाचा एक नियम आहे: प्रश्न विचारायचा नाही. प्रश्नात श्वास वाया जातो. बाई सांगतील ते करायचं. मी सगळ्यांना नमस्कार करून बटण दाबलं आणि मागे खुर्चीवर टेकलो.

"नमस्कार. मांडी घालून बसा. पाठ ताठ! डोळे मिटा. माझा श्वास ऐका आणि त्याच्याबरोबर घ्या. सोडा. घ्या. सोडा. घ्या. रोखा. सोडा. छान."

एवढं सगळं मी आत्ता सांगितलं त्याहून लवकर झालं. वर्गातली डोकी एकदम वर, एकदम खाली झाली. मला वाटलं, सुरुवात असेल.

"उजवी नाकपुडी बंद डावीनं घ्या डावी बंद उजवीनं सोडा उजवीनं घ्या उजवी बंद डावीनं सोडा." बासरीवाल्याची बोटं नाचावीत तशी वीस-बावीस माणसांची बोटं नाकावर नाचायला लागली. शिंपीकाकांनी दोन्ही बाजू एकदमच दाबल्या आणि तसेच बसले. माझ्या पोटात गोळा आला, आणि तो नेमका कुठे आला हे सासूबाईंना नक्की आवडलं असतं.

"आता कपालभाती. सुरू करा. छान. थांबा."

कपालभातीत दुसरं असतं काय? सगळे फुत्कारच. ते सगळे झाडूबरोबर गेले होते. वर्गानं एकमेकांकडे पाहिलं नाही, कारण डोळे मिटलेले होते. पण प्रत्येकाच्या कपाळावर आठी होती: आपण कमी पडलो.

भ्रामरी तेवढी वाचली होती, आणि तोच घात झाला. गुणगुणणं म्हणजे आवाज. झाडूनं त्याला हात लावला नाही, फक्त मधले श्वास उचलले. सासूबाई न थांबता गुणगुणत राहिल्या, गुणगुणतच राहिल्या, आणि त्यांच्यामागे वर्ग. जुळ्या आज्यांपैकी एकीनं मधे चोरून श्वास घेतला, दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. टपालवाले आयुष्यभर वेळेत पोचलेले गृहस्थ, ते शेवटपर्यंत टिकले आणि मग आडवे झाले. मी स्पीकरकडे धावलो, पण तोवर बाई म्हणाल्या होत्या, "आता शवासन. पडून राहा. शरीर सैल सोडा. उठा. धन्यवाद."

पाऊण तासाचा वर्ग चहा गार व्हायच्या आत संपला होता. दारात दोरीवाला उभा होता, खांद्यावर दोऱ्यांचं बोचकं. तो आ वासून बघत होता. "काय हो," तो म्हणाला, "उड्या आम्ही मारतो आणि धाप तुम्हाला?"

कुणी तक्रार केली नाही. ते जास्त वाईट होतं. डॉक्टरीणबाई भिंतीला धरून मला म्हणाल्या, "बाईंनी जाताजाता वरचा अभ्यास दिला वाटतं. आपल्याला नाही झेपणार." दुसऱ्या दिवशी चौघं आले, तिसऱ्या दिवशी एकट्या डॉक्टरीणबाई, त्याही कालची पाण्याची बाटली न्यायला. किल्लीवाल्या मॅडम मला जिन्यात अडवून म्हणाल्या, "सोमवारी मी स्वतः येऊन डोकी मोजणार. नियम म्हणजे नियम."

सासूबाई इस्पितळातून आमच्याकडेच आल्या. त्यांना सांगायचं कुणी, यावर बायकोची आणि माझी स्वयंपाकघरात झटापट झाली, आणि नेहमीप्रमाणे मी हरलो. मी त्यांना स्टुडिओत बसवलं, कानाला हेडफोन लावला आणि फाइल सुरू करून दाराशी जाऊन उभा राहिलो, दार उघडं ठेवून.

त्यांचा चेहरा मी बघत होतो. दीर्घश्वसनाला भुवया वर गेल्या. अनुलोम-विलोमला तोंड उघडलं, मग डॉक्टर आठवून मिटलं. "सुरू करा. छान. थांबा." ला त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि फूटपट्टी उचलली. मी डोळे मिटले. काहीच झालं नाही म्हणून उघडले, तर सासूबाईंचे खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडावर हात होता.

"आई!" बायको धावत आली. "हसायचं नाहीये! डॉक्टरांनी काय सांगितलंय!" मग माझ्याकडे वळून, "तू तिच्यासमोर उभा राहू नकोस आधी."

हसू ओसरलं तसा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, वाचनालयाच्या दिशेला. आवाज काढून रडता येत नाही म्हणून नुसतं पाणी येतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला फार वाईट वाटलं. माणसांचे श्वास मी इतकी वर्षं कापत आलो, पण कुणाचा गेलेला कधी दिसला नव्हता.

"मधे रिकाम्या जागा टाकतो," मी म्हणालो. "त्या मला हव्या तेवढ्या करता येतात."

त्यांनी मान हलवली. बायकोनं ते बोलून दाखवलं: "डोळे मिटलेल्या माणसाला रिकाम्या जागेत काय कळणार? किती घ्यायचा, कुठे थांबायचं? ते तिच्या श्वासाच्या मागून जातात." आणि नव्यानं श्वास भरायला त्यांना बंदी. "ते काढलेले कुठे आहेत?"

"केरात," मी म्हणालो. ते ऐकून दोघी मायलेकींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी तुम्हाला सांगणार नाही.

रविवारी सकाळी आम्ही सासूबाईंच्या वर्गाचा केर उघडला. तीनशेच्या वर श्वास, सगळे लांबीप्रमाणे लावलेले. कोण कुठला याचा पत्ता नाही. सासूबाई शेजारी बसल्या. लिहून दाखवायला त्या तयार नव्हत्या. लिहिताना माणूस मनात बोलतो आणि घसा हलतो, असं त्यांचं मत. म्हणून सगळा कारभार खुणांचा. मी एक श्वास वाजवायचा. त्या ऐकायच्या, आणि फूटपट्टी पोटावर ठेवली तर दीर्घश्वसन, अंगठा नाकाला लावला तर अनुलोम-विलोम, मूठ आत मारली तर कपालभाती, कानावर बोटं ठेवली तर भ्रामरीच्या आधीचा.

तास-दीड तासात माझ्या लक्षात आलं, की त्यांची डावी नाकपुडी अगदी बारीक शीळ घालते. उजवी घालत नाही. "आई, हा डावीचा," मी त्यांच्या आधी बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं. पुढचाही मी ओळखला. त्या पुढचाही. मग आमची जी शर्यत लागली, ती मुलांना शोभली असती. त्यांचा अंगठा आधी की माझं तोंड आधी. एकदा त्या हरल्या तेव्हा त्यांनी माझ्या हातावर फूटपट्टी ठेवली, जरा जोरातच ठेवली.

पण कुठला ते कळून भागेना. पहिल्या "घ्या" नंतरचा की पाचव्या? ते कळायला एकच मार्ग: तो जागेवर बसवून त्याच्याबरोबर स्वतः श्वास घेऊन बघायचा. चुकीचा असेल तर आपण मधेच अडकतो किंवा उरतो. म्हणजे इतकी वर्षं जे मी टाळलं, ते मला तीनशे वेळा करावं लागलं, शेजारी सासूबाई आणि पोटावर फूटपट्टी. दुपारपर्यंत फूटपट्टी थोडी हलायला लागली. मला वाटलं, मी दमलोय म्हणून असेल.

कपालभातीच्या ढिगाशी आमचे हात टेकले. त्यातले काही फुत्कार फुत्कारासारखे नव्हतेच. छोटे, टोकदार, नाकातले. सासूबाई ऐकायच्या आणि खांदे उडवायच्या: माझे नाहीत. मी स्पीकर मोठा केला आणि एकामागून एक लावले.

बायको स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन येत होती, ती दारातच थबकली. कप हलले.

"आई," ती म्हणाली. नुसतं एवढंच म्हणाली आणि दाराला टेकून उभी राहिली. "आठवडा झाला आईला ऐकून. तिला बघतेय, जेवायला वाढतेय, पण घरात आई नाहीये असं वाटत होतं." डोळे पुसून ती हसली. "हा ओरडायच्या आधीचा. लहानपणी मी दुसऱ्या खोलीत असले तरी हा ऐकू यायचा. हा आला की मी पाय खाली घ्यायची, पुस्तक उघडायची, जे काय चाललं असेल ते बंद. शब्द नंतर यायचे. त्यांची गरजच नसायची."

सासूबाई जोरजोरात मान हलवत होत्या: छे, मी असं कधीच करत नाही. मी एक टोकदार श्वास उचलला आणि "पाठ ताठ!" च्या आधी बसवला. वाजवला. आम्ही तिघंही एकदम ताठ झालो. सासूबाईसुद्धा.

केराच्या तळाशी, सगळ्यांत खाली, सगळ्यांत लांब असे काही उरले. सकाळपासून आम्ही त्यांना हात लावला नव्हता. मी पहिला वाजवला आणि खरं सांगतो, माझे कान तृप्त झाले. किती संथ! किती खोल! आत येताना घाई नाही, बाहेर जाताना हाव नाही, मधे एक छोटीशी विश्रांती, आणि पुन्हा तसाच.

"आई," मी भारावून म्हणालो, "हे तुमचे सगळ्यांत सुंदर. याला म्हणतात साधना."

सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा वाजवा, अशी खूण केली. ऐकलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मान हलवली. माझे नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी मत्सर म्हणणार नाही, घरात वाद नको.

"मग कुणाचे?"

"कुणाचे काय?" बायको चहाचा घोट घेत म्हणाली. "हे मी रोज रात्री ऐकते. तू आहेस तो. शवासनाच्या वेळी खुर्चीत डुलकी काढलीस ना?"

खोलीत अगदी शांतता पसरली. फोम असल्यामुळे आमच्याकडे शांतता जरा जास्तच शांत असते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, स्पीकरकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे, माझ्या शर्टाच्या बटणांकडे. मग त्यांनी फूटपट्टी उचलून पडद्यावर एका जागी ठेवली: "शरीर सैल सोडा" च्या पुढे.

"नाही हं," मी म्हणालो. "आई, मी पाया पडतो. माझं घोरणं मी वर्गात लावणार नाही."

फूटपट्टी दोनदा टेबलावर आपटली. लावलं.

मग मी फोन घेऊन बसलो. एकेकाला गळ घातली. टपालवाले म्हणाले, "पुन्हा आडवा झालो तर?" मी म्हणालो, "होणार, पण शेवटी, आणि मुद्दाम." शिंपीकाका म्हणाले, "नाकाला सूज आहे." जुळ्या आज्या म्हणाल्या, "एकमेकींना विचारून सांगतो," आणि एकीच्या हातातून दुसरीनं फोन घेतल्याचं ऐकू आलं.

सोमवारी किल्लीवाल्या मॅडम दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सासूबाई गळ्याला रुमाल गुंडाळून कोपऱ्यात. दोरीवाला बाहेर, बोचकं तयार. माणसं येत गेली. टपालवाले वेळेत. डॉक्टरीणबाई. शिंपीकाका नाकाला मलम लावून. आज्या एकमेकींना ओढत. मॅडमनी बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं.

"अकरा," त्या म्हणाल्या.

"कोपऱ्यात बाई आहेत की."

"बाई बाई आहेत. डोकं म्हणजे शिकणारं डोकं."

"मग मी?"

"तुम्ही मशीनवाले. खुर्चीवर बसणारे मी धरत नाही."

मी कोपऱ्यात पाहिलं. सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या, आणि त्यांचा रुमाल मानेवर भराभर हलत होता. छातीनं घेत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना छातीनं श्वास घेताना पाहिलं आणि मला ते सहन झालं नाही. मी बटण दाबलं, बूट काढले, टपालवाल्यांची अर्धी सतरंजी मागून घेतली आणि मांडी घातली. गुडघे हवेतच राहिले, पण बसलो.

"बारा," मॅडम म्हणाल्या, जरा नाराजीनं.

स्पीकरमधून तो छोटा टोकदार श्वास आला, आणि "पाठ ताठ!" यायच्या आत सगळा वर्ग ताठ झाला होता. मग सासूबाईंनी श्वास घेतला, लांब, अंगभर, आणि त्याच्यामागून आम्ही सगळे गेलो. डावीची शीळ आली. उजवी गुपचूप गेली. कपालभाती चालू झाली ती चालूच राहिली, आणि शिंपीकाकांच्या नाकातून मलमाचा वास सभागृहभर पसरला. भ्रामरीत प्रत्येकाला श्वास मिळाला. आज्यांपैकी कुणीही कुणाला ढोसलं नाही.

"आता शवासन. पडून राहा. शरीर सैल सोडा."

आणि मग मी आलो. म्हणजे खुर्चीतला, जेवलेला, दुपारचा मी. संथ, खोल, मधे विश्रांती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ते दोन-तीन श्वासच. त्यानंतरचं मला काही सांगता येणार नाही, कारण मी झोपलो.

पुढचं दोरीवाल्यानं सांगितलं. वेळ संपली तरी कुणी बाहेर येईना, म्हणून तो आत आला. सगळा वर्ग गाढ झोपला होता. दारातल्या मॅडमही खुर्चीत झोपल्या होत्या, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर सैल सोडून. एकट्या सासूबाई जाग्या होत्या. त्या सतरंज्यांमधून वाकून वाकून फिरत होत्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या होत्या, फूटपट्टी माझ्या पोटावर ठेवून. तो म्हणतो, ती होडीसारखी वरखाली होत होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. उड्यांचा वर्ग त्या दिवशी उशिरा सुरू झाला, आणि जाताना त्यानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आमच्या पोरांना शेवटी ते जे घोरणं लावता ना, ते मिळेल का?"

महिना पुरा झाला. वर्ग भरत राहिला, बारा जाऊन वीस झाले, मॅडमनी मोजायचं सोडलं. पण जसजसा मौन सुटायचा दिवस जवळ आला तशी आमच्या घरात कुणाला भूक लागेना. वर्ग राहिला होता. आवाज राहिला का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको रात्री केरातले उरलेले श्वास लावून बसायची.

डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला, दिवा बंद केला आणि म्हणाले, "बोला आता. काहीही. नाव सांगा हवं तर."

बायकोनं आईचा हात धरला होता. तिला वाटत होतं, आई आधी आपलं नाव घेईल. मलाही तेच वाटत होतं. सासूबाईंनी श्वास घेतला. मला तो डोळे मिटूनही ओळखू आला असता: पोटातला, मधल्या लांबीचा, डावीकडून किंचित शीळ घालणारा. मग आवाज आला. जुना नव्हता. खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत, पण त्यांचाच.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "झोपेत बरा घेता हो."

बायको रडता रडता हसायला लागली. डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी नम्रपणाचं बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तो आला. छोटा, टोकदार, नाकातला.

मी पाठ ताठ केली.